खर्जाची जवारी

नाशिककरांना मंद्र आवाज समजावून सांगावा लागत नाही. अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, भद्रकालीतून मेन रोडला येते आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये ढोल सापडतो, तेव्हा ठोका आधी छातीला लागतो आणि मग कानाला कळतो. दुकानांची बंद शटर्स थरथरत राहतात. आमच्या गावाच्या नावाने देशभर एक वाद्य ओळखलं जातं आणि ते वाद्य खालच्या आवाजाचं आहे, याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. पुढे मी बेस गिटार हातात घेतली त्याचं मूळ याच आवाजात आहे, असं मी मनापासून मानते.

मिरवणुकीत एकदा नीट कान देऊन बघा. ताशा थांबतो, नुसते ढोल उरतात आणि तुम्ही चौकाच्या पलीकडे असता. तिथे फक्त गडगडाट पोचतो, ठेका कुठला हे कळत नाही. पथकाच्या जवळ गेलात की टिपरू पानावर आपटल्याचा कोरडा, कडक आवाज येतो आणि लगेच सगळं स्पष्ट होतं. ढोलाची ताकद खाली असते, पण तो काय बोलतोय हे आपल्याला वरच्या आवाजातून कळतं. गेली काही वर्षं मी बेससाठी एकामागून एक प्रीअँप पेडलं, म्हणजे बेसचा सिग्नल पुढे पाठवण्याआधी घडवणारे पायाशी ठेवायचे डबे, लावून बघते आहे. मनासारखा टोन शोधताना मी सारखी याच गोष्टीपाशी येऊन थांबते.

माझं वाजवणं दोन ठिकाणी चालतं. एक म्हणजे जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा वाद्यवृंद. कधी कालिदास कलामंदिर, कधी गंगापूर रोडवरचं एखादं सभागृह आणि लग्नसराईत लॉन्स. दुसरा आमचा चौघांचा छोटा बँड. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांमधल्या वायनरींत शनिवारी-रविवारी संध्याकाळी वाजवतो. दोन्हीकडे बेससाठी वेगळा अँप (अँप्लिफायर) जवळजवळ कधीच नसतो. साउंडवाले दादा एक केबल पुढे करतात आणि म्हणतात, ‘मॅडम, लाइन द्या.’ माझी बोटं आणि समोरचे शे-दोनशे लोक यांच्यामध्ये मग जो एक डबा माझ्या हातात असतो, तोच माझा आवाज. तो डबा कुठला असावा हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही.

बेसचा आवाज पूर्वी अँपमध्ये घडायचा. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हा माणसाच्या उंचीच्या डबल बेसला खांद्यावर अडकवता येईल असा पर्याय मिळाला. मग प्रश्न आला तो ऐकू कसा जाणार याचा. अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला : ३०० वॅट, सगळं काम व्हॅक्यूम ट्यूबवर, आणि सोबत दहा इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. रॉकच्या मोठमोठ्या मंचांवर बेसचा जो रुंद, किंचित करकरीत आवाज आपण ऐकत आलो, त्याच्या मागे बऱ्याचदा हे यंत्र असायचं. आता ते कपाट उचलून नेणारे लोक कमी झाले, आणि ट्यूब तापल्यावर येणारा तो गडदपणा, कॅबिनेटमुळे गोल होणारा वरचा आवाज, हे सगळं हातात मावेल अशा डब्यात आणायचे प्रयत्न सुरू झाले.

डब्याचं पहिलं काम मात्र अगदी साधं असतं. तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या, बॅटरी नसलेल्या पॅसिव्ह पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. त्याला पुढचं उपकरण ‘जड’ लागलं, म्हणजे त्याचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या प्रवाहाला असलेला अडथळा) कमी असला, की वरचे स्वर आधी मरतात. लांब केबलही तेच करते. म्हणून चांगल्या प्रीअँपचा इनपुट साधारण १ मेगाओमचा असतो. तो सिग्नल अलगद घेतो, भक्कम करतो, आणि एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीतून बॅलन्स्ड (बाहेरची खरखर खोडणारा) करून मिक्सरकडे पाठवतो. पन्नास-साठ फूट केबल गेली तरी मग त्याला धक्का लागत नाही. ड्राइव्ह (आवाजाला येणारी करकर), ईक्यू (खालचे, मधले, वरचे स्वर कमीजास्त करणं) वगैरे बाकीची सगळी सजावट याच्या नंतरची. एवढं पहिलं काम नीट झालं तरी बेसचा अर्धा आवाज सुधारतो, असं माझं ठाम मत आहे.

याउलट जेम्स जेमरसनचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि द्यायलाच हवं. डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बसून या माणसाने साठच्या दशकात जे वाजवलं ते आजही प्रत्येक बेसवादक ऐकतो. १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. पेडल नाही. सिग्नल थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये. ‘मग तुम्हाला हे डबे कशाला लागतात?’ असं विचारणाऱ्यांना मी इतकंच सांगते की त्या कन्सोलमध्येही प्रीअँप होताच, तो कुणीतरी विचार करून बनवलेला होता आणि त्यामागे बसलेला माणूस रोज तोच बेस ऐकत होता. लॉन्सवर ही सोय नसते. तिथे मिक्सर कुठला येईल हे संध्याकाळी सहा वाजता कळतं.

माझ्या हाताखालून गेलेलं पहिलं नावाजलेलं पेडल म्हणजे सॅन्सअँप बेस ड्रायव्हर. एका मित्राने ते मुंबईहून पंचवटी एक्सप्रेसने येताना पिशवीत घालून आणलं आणि काही आठवडे माझ्याकडे ठेवलं. अँड्र्यू बार्टा या माणसाने १९८९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेक २१ ही कंपनी काढली. अँपशिवाय अँपचा आवाज ही त्याची मूळ कल्पना. लावल्या लावल्या जाणवतं की आवाज एकदम ‘रेकॉर्ड केल्यासारखा’ होतो. खाली भरीव, वर चकचकीत, मध्ये थोडा खोलगट. जुन्या आवृत्तीत मिडचं, म्हणजे मधल्या स्वरांचं, बटणच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत ते आलं, आणि ५०० की १००० हर्ट्झ हे निवडायला स्विचही आला. पिक घेऊन रॉक वाजवणाऱ्यासाठी हा आवाज तयार कपड्यासारखा अंगाला बसतो. माझ्या वाद्यवृंदात कीबोर्ड, दोन गिटार आणि तबला आहे. तिथे मला मधला भाग हवा होता, म्हणून मी ब्लेंड (पेडलाने घडवलेला आणि कोरा सिग्नल किती मिसळायचा ते बटण) अर्ध्याच्या खाली आणून बराचसा कोरा सिग्नल त्यात मिसळायचे.

मग डार्कग्लासचा बी-७के. डग्लस कास्ट्रो हा मूळचा चिलीचा तरुण हेलसिंकीत गेला आणि २००९ मध्ये त्याने ही कंपनी सुरू केली. आज मेटल वाजवणाऱ्या कुठल्याही बँडचा बेस ऐका, त्यावर या डब्याची छाया असते. त्याचा ड्राइव्ह दातेरी आहे, पण त्यात शिस्त आहे. ग्रंट नावाचा एक स्विच आहे. ड्राइव्हच्या आत मंद्राचा किती भाग शिरू द्यायचा हे तो ठरवतो. अ‍ॅटॅक नावाचा दुसरा स्विच तेच काम वरच्या भागासाठी करतो. मला हे पेडल आवडलं ते या दोन स्विचसाठी, कारण विकृती (डिस्टॉर्शन) कुठल्या पट्ट्यात व्हावी हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारं पेडल मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वायनरीच्या कार्यक्रमात ड्राइव्ह जेमतेम उघडून, ब्लेंड एक तृतीयांश ठेवून मी ते वाजवलं. समोरच्या माणसाला त्यात ड्राइव्ह आहे हे कळणारही नाही. आमटीत गुळाचा खडा असतो तसं. त्याची चव वेगळी लागत नाही, पण घालायचा राहिला तर पानावर बसलेल्याला लगेच कळतं.

अगिलारचा टोन हॅमर तिसरा. यात मिडची वारंवारता फिरवता येते. एका बटणाने जागा शोधायची आणि दुसऱ्याने ती उचलायची किंवा दाबायची. एमएक्सआरचा एम-८० हेही एक भरवशाचं पेडल आहे. कोरा आणि डिस्टॉर्शनचा असे दोन वेगळे मार्ग, आणि ‘कलर’ नावाच्या बटणावर एक आधीच ठरवलेला ईक्यू. माझं मन त्यात रमलं नाही, कारण मला ठरवलेलं नको होतं, जागा शोधायची होती. टोन हॅमरवर मी तासन्‌तास मिडची जागा फिरवत बसले आहे. २०० हर्ट्झच्या आसपास आवाज ऊबदार होतो आणि जरा जास्त झाला की चिखल. ४००-५०० ला लाकूड ऐकू येतं. ७०० ते ८०० च्या आसपास बेस बोलायला लागतो; बोट तारेवरून सुटल्याचा क्षण, स्वराची सुरुवात, सगळं पुढे येतं. एकटीने खोलीत ऐकताना ही शेवटची जागा नाकातली वाटते. तिथे कुणीच टोनचं बटण थांबवणार नाही.

खोलीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण टोन शोधणारे बहुतेक लोक खोलीत शोधतात. इंदिरानगरमधल्या आमच्या घरात माझी सरावाची खोली १० बाय १२ फुटांची आहे; नाशिकच्या निम्म्या फ्लॅटांत तशीच असते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरला तर १० फूट अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर उभा राहून घुमतो, आणि १२ फुटांच्या भिंतींमध्ये ४७ च्या आसपासचा. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे या खोलीत ए वाजवला की भिंतीजवळ बसलेल्याला तो राक्षसासारखा मोठा ऐकू येतो, आणि बरोबर मध्ये बसलेल्याला तोच स्वर गायब झाल्यासारखा वाटतो. सर्वांत खालची ई तार ४१ हर्ट्झची, तिच्या एका लाटेची लांबीच ८ मीटरच्या वर भरते. अशा खोलीत पेडलाचं बेसचं बटण फिरवून आपण ठरवतो की हा डबा जास्त खोल आहे आणि तो उथळ, पण आपण ऐकत असतो ती खोली. मी खुर्ची सरकवून हे पुनःपुन्हा पाहिलं आहे. जागा फूट-दोन फूट बदलली की पेडलांचा क्रम बदलतो.

तुलना करायची तर एकच ओळ कोरी रेकॉर्ड करून ठेवावी. माझी ओळ चारही तारांवरून जाते, तिच्यात मध्ये दोन दाबलेले स्वर आहेत आणि शेवटी एक लांब सोडलेला ई. लॅपटॉपमधून तीच ओळ प्रत्येक पेडलात पाठवायची, म्हणजे बोटांचा फरक निघून जातो. मग सगळ्यांची पातळी मोजून एकसारखी करायची, कारण कानाला जरासा मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. यामागे अभ्यास आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की खालच्या स्वरांना आपला कान फार बधिर असतो, आणि एकूण आवाज जितका लहान तितका तो बधिरपणा वाढतो. हळू आवाजात ४० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतका मोठा वाटायला हवा असेल तर त्याला सुमारे ४० डेसिबल जास्त लागतात. म्हणून एखादं पेडल नुसतं थोडं मोठं झालं तरी ते जास्त खोल, जास्त श्रीमंत वाटतं. पातळी सारखी केली की पेडलांमधले निम्मे फरक विरघळतात. उरतात ते खरे. ते ऐकायला माझा नवरा मला पाठमोरी बसवून केबल बदलायचा आणि मी फक्त ‘हा’ किंवा ‘तो’ म्हणायचे.

तरी प्रश्न राहिलाच. एवढा खोल स्वर मुळात ऐकू येतो तो कसा? मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघणं शक्यच नाही, तरी गाण्यातला बेस आपल्याला कळतो आणि त्याचा स्वरही बरोबर कळतो.

त्याचं उत्तर मला पंचवटीत मिळालं. माझी मावशी तिथे राहते, ती शास्त्रीय गाते. पंचवटीला गाण्याचा वारसा आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात तिथेच राम नाम आधार आश्रमात मुक्काम केला होता. मावशीकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे. तिने एकदा आमचा कार्यक्रम ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘अगं, तुझी ती जाड तार नुसती हुंकारतेय. बोलत नाहीये.’ मी विचारलं, मग तुझा खर्ज कसा बोलतो? तिने तंबोरा उतरवला, खर्जाच्या तारेखालचा दोरा घोडीवरून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पुढे सरकवून काढूनच टाकला आणि तार छेडली. थंड, बोथट ‘डंब’ असा आवाज. मग दोरा परत घालून केसभर केसभर सरकवत गेली. एका जागी तार उघडली. तोच खर्ज, तीच ताकद, पण त्याच्यातून वर एक झळाळी निघाली आणि काही क्षणांनी तिच्यात गंधार स्पष्ट दिसायला लागला. स्वयंभू गंधार. कुणीही न वाजवलेला.

‘दोरा आणखी पुढे नेलास तर?’

‘तर नुसती करकर. गंधार जातो. जवारी लावायची म्हणजे खर्जाला तोंड द्यायचं, आरडाओरडा नाही करायला लावायचा.’

हा गंधार म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेचा आंशिक स्वर. माझ्या ४१ हर्ट्झच्या ई तारेतही तो असतो, २०६ हर्ट्झच्या आसपास. दुपटीचा ८२, तिपटीचा १२४, असे स्वर एकावर एक रचलेले असतात, आणि आपला मेंदू त्यांच्यातलं अंतर ओळखून खालचा मूळ स्वर स्वतः जोडून घेतो. तो प्रत्यक्षात फारसा नसला तरी. मोबाइलवर बेस ऐकू येतो तो असा. म्हणजे आवाजाचा खोलपणा वाढवायचा असेल तर खालचं बटण वाढवून फारसं साधत नाही. वरच्या स्वरांची ही रचना शाबूत हवी.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहिला होता. साधी तार ज्या जागी छेडली तिथे ज्या आंशिक स्वराचा स्थिर बिंदू येतो, तो स्वर नियमाप्रमाणे वाजायला नको. तारेच्या पाचव्या हिश्शावर बोट मारलं तर पाचवा स्वर गळायला हवा. बेसवर तसंच होतं. ब्रिजजवळ वाजवलं की आवाज कडक, मानेजवळ वाजवलं की गोल, यातला मोठा भाग कुठले आंशिक स्वर गळाले आणि कुठले राहिले याचा असतो. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात हे गळायला हवेत ते स्वरही जोरात ऐकू येतात. कारण घोडीचा माथा वक्र असतो. तार कंपताना त्याला हलकेच घासत राहते आणि आपली शक्ती सतत वरच्या स्वरांकडे पाठवते.

प्रीअँपमधला ड्राइव्ह सर्किटच्या भाषेत याच जातीचं काम करतो. सिग्नलचा माथा जरा दाबला जातो आणि जे आंशिक स्वर तारेत दुबळे होते किंवा नव्हतेच ते नव्याने तयार होतात. दोन्ही बाजू सारख्या दाबल्या तर तिप्पट-पाचपट असे विषम स्वर येतात, असमान दाबल्या तर दुपटीचे समही. फरकही मोठा आहे. जवारी प्रत्येक तारेची वेगळी असते, तर पेडलात सगळ्या तारा एकाच ठिकाणी येतात. त्यामुळे दोन स्वर एकत्र वाजवले की ड्राइव्ह त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच स्वर काढतो. म्हणून बेसच्या ड्राइव्हला ब्लेंड हवाच. ड्राइव्हमध्ये मूळ मंद्र दबतं, ते बाजूने कोरं आणून मिसळायचं, म्हणजे खाली जमीन आणि वर झळाळी, दोन्ही राहतात. मावशीचा दोरा आणि माझं ब्लेंडचं बटण यांच्याकडे मी आता एकाच नजरेने बघते, आणि दोन्हीला केसभरच हलवायचं असतं.

यानंतर मी पेडलं खोलीत ऐकणं जवळजवळ सोडलं. सगळं तालमीत नेलं. तिथे नवीनच गोष्ट समोर आली. मराठी भावगीतात बेसचा खरा शेजारी ड्रम नसतो, डग्गा असतो. तबलजींचा डावा हात शाईच्या कडेवर सरकतो, घुमारा खालून वर चढतो, आणि तो नेमका माझ्या स्वरांच्या अंगावरून जातो. बेसचं खालचं बटण जरा जास्त असलं की तो घुमारा बुडतो, आणि तो बुडाला की गाण्यातला लाडिकपणाच जातो. माझ्या कानाला ही हानी सहन होत नाही. तबलजींनी एकदा मला शांतपणे सांगितलं, ‘ताई, तुम्ही खालून जरा सरका, मी तिथे बसतो. तुम्ही वरून बोला.’ मग खालच्या बटणाला थोडी काट, ७५० च्या आसपास थोडी उचल, फ्लॅटवाउंड तारा, आणि ड्राइव्ह अगदी नावाला. खोलीत हाच आवाज कुणी ऐकवला असता तर मी तो बंद करायला सांगितलं असतं. सगळ्यांच्या मध्ये तो अचूक बसला. डग्गा घुमला आणि बेसचा प्रत्येक स्वर मागच्या रांगेत ऐकू गेला. मागच्या रांगेत मी मावशीला बसवलं होतं.

लॉन्सवर पुन्हा वेगळं गणित. तिथे भिंतीच नाहीत, त्यामुळे खोली जे फुकट देत होती तो घुमाव जातो. पाथर्डी रस्त्यावरच्या एका मोकळ्या लॉनवर साउंड चेकला बेस इतका कोरडा वाटला की ड्रमर काळजीत पडला. मी खालचं बटण हात न लावता सोडलं आणि ब्लेंड किंचित वाढवला. आंशिक स्वर आले, खालचं पोट आपोआप भरल्यासारखं वाटलं. सबवूफरवर भार टाकून हे झालं नसतं.

आणखी एका पाहुण्याचा उल्लेख करते : हम, म्हणजे विजेचं गुणगुणणं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसवरचा खालचा जी, म्हणजे ई तारेवरचा तिसरा पडदा, ४९ हर्ट्झचा. मांडवात जोडणी ढिली असली आणि पेडलात हम शिरला, की तो स्वर धरून ठेवल्यावर सेकंदाला एक असं डोलणं ऐकू येतं. आपण बेसुरे आहोत असं वाटायला लागतं. प्रीअँपवर ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे मिक्सरकडे जाणारी ग्राउंडची जोडणी तोडणारा, छोटा स्विच असतो. कार्यक्रमात मला तो मोठमोठ्या बटणांपेक्षा जास्त प्रिय आहे. पेडलांना एकाच ॲडॉप्टरची साखळी न लावता वेगवेगळी, एकमेकांपासून तोडलेली वीज द्यावी हेही तितकंच महत्त्वाचं. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला, तो हे गुणगुणणं स्वतःच बऱ्यापैकी खोडतो. मी प्रिसिजन सोडत नाही, त्याचं हेही एक कारण.

सध्या वाद्यवृंदासाठी माझ्या बोर्डावर टोन हॅमर आहे, वर सांगितलेल्या बटणांवर. बँडसाठी बी-७के, ग्रंट सर्वांत कमी, म्हणजे मंद्र ड्राइव्हच्या बाहेर राहतं, ब्लेंड ऐकणाऱ्याला न कळेल इतका. तारा बदलल्या की दोन्हींचं मिड पुन्हा शोधावं लागतं आणि ते मी तालमीतच शोधते, सगळे वाजवत असताना.

पुढे पाच तारांचा बेस घ्यायचा विचार आहे. त्याची बी तार ३१ हर्ट्झची. तिचा पाचवा आंशिक स्वर १५४ च्या आसपास येईल, म्हणजे डग्ग्याच्या आणखी जवळ. दोघांनी एकमेकांना जागा कशी द्यायची हे नव्याने ठरवावं लागेल, म्हणून तबलजींच्या कानावर आधीच घातलं आहे. ते म्हणाले, ‘आणा की. गुरुवारच्या तालमीला आणा, बघू कोण कुठे बसतंय ते.’